दुपारी घरी कोण असतं? भुसावळ-जळगाव अप-डाऊनविषयी

पुण्याहून एक जोडपं जळगावला येतंय. नवऱ्याला एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात नोकरी लागली आहे, बायको शहरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू होणार आहे, मुलगी चार वर्षांची. भुसावळला मामांचं घर रिकामं पडलंय आणि मामा भाडं घ्यायला तयार नाहीत. त्यांचा प्रश्न असा: 'पुण्यात रोज सव्वा तास गाडी चालवून ऑफिसला जायचो. इथे अंतर २४ किलोमीटर, रेल्वेनं अर्धा तास. मग जळगावला भाडं का भरायचं? आणि भुसावळ आता फक्त झोपायला जायचं गाव उरलंय म्हणतात, ते खरं का?'

भाऊ, मी हे अप-डाऊन २७ वर्षं केलं. १९९४ ला जळगावच्या एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत लागले, २०२१ ला तिथूनच निवृत्त झाले. सासर भुसावळचं, घर जामनेर रोडला. मी हे हौसेनं निवडलं नव्हतं, लग्नाबरोबर पासही आला. पण एवढी वर्षं एकाच डब्यात बसलं की कुणाचं घर कसं चालतं, कुणाचं कशामुळे बिघडलं आणि कोण शेवटी कंटाळून जळगावला राहायला गेलं, हे आपोआप कळतं. त्या अनुभवावरून सांगते.

तुम्ही भाडं आणि प्रवास असे दोन आकडे समोरासमोर ठेवलेत. हा हिशेब मांडला तर भुसावळच जिंकणार, त्यात शंका नाही. रेल्वेचा महिन्याचा पास मोटरसायकलच्या आठवड्याभराच्या पेट्रोलपेक्षा कमी पैशात निघतो. तीन महिन्यांचा एकदम काढला तर २.७ महिन्यांचेच पैसे घेतात. तुमच्यासारखी फुकटातली खोली असेल तर मग बोलायलाच नको. तरीही ज्यांनी अप-डाऊन सोडलं त्यांच्यापैकी पैशामुळे सोडणारा मला एकही आठवत नाही. दगदगीमुळे सोडणारेही थोडेच. बहुतेकांनी सोडलं ते दुपारमुळे. दोघंही सकाळी आठच्या सुमारास गाव सोडून जाणार आणि चार वर्षांची मुलगी गावात मागे राहणार. तुमचा खरा प्रश्न मला हा दिसतो. तुम्ही तो विचारलेला नाही, कारण पुण्यात बहुधा पाळणाघर ऑफिसच्या वाटेवरच होतं.

त्याकडे येते. आधी तो 'अर्धा तास' जरा उलगडू.

गाडी मोकळी धावली तर भुसावळ-जळगाव पंचवीस-तीस मिनिटं, हे खरं. मध्ये एकच भादली. पण घरातून निघून स्टेशन गाठायला पंधरा-वीस मिनिटं, गाडीच्या आधी दहा मिनिटं पोचायचं कारण जागा, आणि जळगावला उतरल्यावर पुन्हा रिक्षा. माझं ऑफिस स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. तरी उंबऱ्यापासून टेबलापर्यंत मला सव्वा तास लागायचा, परतताना दीड तास. पुण्यातलाच सव्वा तास झाला की! फरक एवढाच, की तिथे गाडी तुमच्या हातात होती. इथे ती तुम्हाला सोडून जाऊ शकते.

एक गंमत सांगते. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईकडून येणारी डाऊन. भुसावळकर सकाळी अपनं जातो आणि संध्याकाळी डाऊननं येतो, म्हणजे 'अप-डाऊन' हा शब्द त्याला क्रमानं लागू पडतो. पाचोरा-चाळीसगावकडून जळगावला येणाऱ्यांचं उलटं, त्यांचं डाऊन-अप. ही गंमत वाटली तरी तुमचा दिवस त्यावर ठरतो. सकाळी तुम्हाला नेणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या नागपूरकडून किंवा खंडवा-इटारसीकडून येतात. त्यातल्या बऱ्याच उत्तरेतून निघालेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं पडलं की इथे स्वच्छ ऊन असतानाही त्या चार-चार, सहा-सहा तास उशिरा. म्हणून सकाळसाठी नेहमी भुसावळहूनच सुटणारी गाडी धरायची. ती यार्डातून लागते, तिला धुक्याशी देणंघेणं नाही. आमच्या वेळी देवळाली पॅसेंजर होती, आता तिची इगतपुरी मेमू (विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी) झाली. गाड्यांची नावं आणि वेळा बदलत राहतात, हा नियम बदलत नाही.

संध्याकाळी याच्या उलट. परतीच्या गाड्या मुंबईकडून येतात, म्हणजे पावसाळ्यात कसारा घाटात किंवा कल्याणच्या पलीकडे काही झालं की तुम्ही जळगावच्या फलाटावर. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा जळगावात पावसाचं विशेष काही नव्हतं. आम्ही साडेपाचला नेहमीसारखे स्टेशनवर गेलो आणि फलाटावर नुसती घोषणा ऐकत बसलो. शेवटी नऊच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या मेटॅडोरमध्ये आम्ही सात बायका मागच्या बाजूला बसून घरी आलो. त्या काळी आमच्यातल्या बहुतेकींकडे मोबाइल नव्हता. घरचे काय काय समजून बसले असतील!

पॅसेंजरचं आणखी एक. मागून एक्स्प्रेस येत असेल तर पॅसेंजरला भादलीला बाजूला काढतात. तिसरी-चौथी लाईन झाल्यापासून हे बरंच कमी झालं, पूर्ण गेलं असं समजू नका. मे महिन्यात दुपारच्या गाडीत भादलीला वीस मिनिटं उभं राहणं काय असतं ते शब्दांत सांगता येणार नाही. पत्रा वरून तापतो, खिडकीतून वाफ येते, आणि समोरच्या बाकावरची आजी पदराखालून कांदा काढून पोराच्या हातात देते. भुसावळचं ऊन पेपरात वाचलं असेल. पारा ४५ च्या वर जाणं इथे बातमी नसते.

पास असला तरी तो जनरल डब्याचा. स्लीपरमध्ये चढलात आणि टीसीनं धरलं तर पास दाखवून उपयोग नाही, दंड भरावा लागतो. सुपरफास्टनं जायचं तर पासावर वेगळा अधिभार. नवीन माणूस पहिल्या महिन्यात इथेच फसतो, कारण 'सगळेच चढतात हो' असं त्याला कुणीतरी सांगतं.

आता तुमच्या दोघांचं वेगवेगळं पाहू, कारण जळगाव म्हणजे एक ठिकाण नाही. तुमची एमआयडीसी अजिंठा रोडच्या बाजूला. भुसावळहून हायवेनं आलात तर नशिराबाद, तरसोद फाटा आणि मग शहर लागता लागता अजिंठा चौफुली. म्हणजे तुमचं ठिकाण गावात शिरायच्या आधीच येतं. रेल्वेनं गेलात तर गावाच्या पोटात उतरून, रिक्षा करून पुन्हा चार-पाच किलोमीटर मागे यायचं. तेव्हा तुमच्यासाठी रेल्वे नाही, रस्ता. एसटी किंवा काळी-पिवळी (वाटेत माणसं घेणारी जीप) पकडायची आणि चौफुलीला उतरायचं. एसटीच्या महिन्याच्या पासाला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं. हायवे इकडे चौपदरी झाल्यापासून वेळही पूर्वीपेक्षा बरा लागतो.

तुमच्या पत्नीचं हॉस्पिटल शहरात आहे. ते रिंग रोड, स्टेशन, नवी पेठ अशा भागात असेल तर तिला रेल्वे सोयीची. पिंप्राळ्याकडे किंवा हायवेला लागून असेल तर तिलाही एसटीच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून आमच्या डब्यातल्या कितीतरी जणी रेल्वे सोडून एसटीकडे गेल्या. विद्यापीठ किंवा बांभोरीकडे नोकरी असणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्याला मात्र सरळ सांगते, भुसावळला राहू नका. ते जळगावच्या दुसऱ्या टोकाला, गिरणेपलीकडे. आधी २४ किलोमीटर येऊन मग अख्खं शहर ओलांडायचं, हे वर्षभरसुद्धा टिकत नाही.

शिफ्टचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि पुष्कळसं त्यावर आहे. जनरल शिफ्ट असेल तर ठीक. सेकंड शिफ्ट असेल आणि रात्री बारा-साडेबाराला सुटणार असाल, तर कंपनीची बस भुसावळपर्यंत येते का हे रुजू होण्याआधी विचारा. 'येते' म्हणाले तर 'रोज येते का' हेही विचारा. रात्री हायवेनं मोटरसायकल चालवून येणारी मुलं मी पाहिली आहेत. ट्रक किती असतात तुम्हाला कल्पना नाही. हा रस्ता सुरतेहून नागपूरकडे जातो, आपण मध्ये कुठेतरी असतो. माझा मुलगा असता तर मी त्याला रात्रीचं दुचाकीवर येऊ दिलं नसतं, एवढंच म्हणते.

सरकारी नोकरीतल्यांसाठी जाता जाता: मुख्यालयी राहण्याची अट विसरू नका. मलाही रीतसर परवानगी घ्यावी लागली होती, आणि घरभाडे भत्त्याच्या प्रत्येक तपासणीत तो कागद शोधावा लागायचा. तुमची खासगी नोकरी, तुम्हाला ही कटकट नाही.

आता दुपार.

भुसावळला नळाला पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येतं ते भागावर आणि महिन्यावर ठरतं. उन्हाळ्यात आमच्याकडे आठ-दहा दिवसांवर जायचं. हतनूरचं धरण एवढं जवळ, तापी गावाला लागून, तरी असं. ज्यांच्या घरी माणूस आहे त्यांना याचं फार काही वाटत नाही. अंगणात जमिनीखाली टाकी असते, पाणी आलं की भरायची, मोटार लावून वर चढवायचं, झालं. पण पाणी दुपारी अडीचला आलं आणि घराला कुलूप असेल तर? ती पाळी हुकली की पुढचे आठ दिवस टँकर. त्यात उन्हाळ्यात कूलर हवाच. खान्देशात कूलरशिवाय झोप नाही, आणि तो रात्रभर बादल्यांनी पाणी पितो. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो, म्हणून गच्चीवर पाणी मारायचं. तेही पाणीच. मामांचं घर तळमजल्यावर आहे की वर, टाकी किती लिटरची, आणि त्या गल्लीत पाणी साधारण किती वाजता सोडतात, या तीन गोष्टी मला भाड्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

आमच्याकडे सासूबाई होत्या. २००९ पर्यंत माझं अप-डाऊन त्यांनी चालवलं असं म्हटलं तरी चालेल. पाणी त्या भरायच्या, गॅसची गाडी त्या थांबवायच्या, पोरं शाळेतून आली की दार त्या उघडायच्या. मी पासाचे पैसे भरायचे आणि लोक म्हणायचे, 'किती धावपळ करता हो तुम्ही!' त्या गेल्या आणि सहा महिन्यांत घर असं विस्कटलं की मी बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. दिला नाही.

तो न देण्याचं कारण शेजारीण. रेल्वेतल्या गार्डसाहेबांची बायको. एकदा धाकटीला शाळेत ताप भरला. शाळेचा फोन ऑफिसात आला दुपारी बाराला. बाराला भुसावळकडे गाडी नव्हती. एसटी स्टँडवर जाऊन बस मिळवून घरी पोचायला मला दोन वाजले. तोवर या बाईनं शाळेत जाऊन पोरीला आणलं होतं, डॉक्टरला दाखवलं होतं आणि मऊ भात भरवून झोपवलंही होतं. त्या दिवशी मला कळलं की २४ किलोमीटर हे अंतर दिवसाच्या सगळ्या वेळी सारखं नसतं. सकाळी आठला ते अर्ध्या तासाचं असतं आणि दुपारी बाराला दोन तासांचं.

म्हणून विचारते, तुमच्या दुपारी कोण असणार आहे? आई किंवा सासूबाई येऊन राहणार असतील, वर्षातून दोन महिने नव्हे, खरंच राहणार असतील, तर भुसावळला बिनधास्त या. कुणी नसेल तर 'पाळणाघर बघू' या भरवशावर येऊ नका. पाळणाघरातून फोन आला तर तुम्ही अजिंठा चौफुलीला, पत्नी नवी पेठेत, आणि मुलगी भुसावळला. तिघंही तीन ठिकाणी, आणि दोघांपैकी कुणीच तासाभरात पोचू शकत नाही.

थोडक्यात, इथवर मी म्हटलं ते असं: पैशाचा हिशेब भुसावळच्या बाजूनं आहे, प्रवास तुम्हा दोघांचा वेगळा आणि तुमच्यासाठी रस्ता बरा, शिफ्ट बघितल्याशिवाय काही ठरवू नका, आणि दुपारचा माणूस नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही जमणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, झोपायच्या गावाचा. हे कोण म्हणतं मला ठाऊक आहे, जळगावचे लोक म्हणतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर आणि भुसावळ पावणेदोन लाखांच्या वर होतं. एवढं गाव कुणाचं झोपायचं खोपटं नसतं. रेल्वेचं विभागीय कार्यालय इथे, इंजिनांचं शेड आणि वर्कशॉप इथे, ऑर्डनन्स फॅक्टरी इथे, दीपनगरचं वीज केंद्र पलीकडे. सकाळी भुसावळहून माणसं फक्त जळगावला जात नाहीत. दीपनगरला, वरणगावला जातात, आणि जळगावहून इकडे नोकरीला येणारेही आहेत. सकाळच्या अपमधून आम्ही उतरायचो तेव्हा समोरच्या फलाटावर ते डाऊनची वाट पाहत उभे असायचे. २७ वर्षांत काही चेहरे इतके ओळखीचे झाले की मान हलवायची, नाव मात्र कधी कळलं नाही.

भुसावळचा स्वभाव मुळातच वेळापत्रकाबाहेरचा आहे. इथे गाड्यांचे ड्रायव्हर आणि गार्ड बदलतात. शेजारचा माणूस रात्री दोनला डबा घेऊन ड्युटीवर निघतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला येऊन झोपतो. त्याच्या झोपेसाठी अख्खी गल्ली भरदुपारी कुकरची शिट्टी जपून देते. स्टेशनबाहेर रात्री तीनला चहा मिळतो. पंजाबी, तेलुगू, उत्तर भारतीय, सिंधी, ख्रिश्चन, सगळे रेल्वेच्या निमित्तानं येऊन इथलेच झालेले. बाजारात लेवा बोली, रेल्वे कॉलनीत हिंदी, आणि धुळे-अमळनेरकडून आलेला असेल तर तो अहिराणीत. पुण्याहून आलेल्या माणसाला जळगावात 'कोण गाव तुमचं?' असं विचारतील. भुसावळात विचारतील, 'किती दिवसांची पोस्टिंग?' मला तरी नवख्याला सामावून घ्यायला भुसावळ जास्त मोकळं वाटतं.

मग झोपायचं गाव कोण होतं? गाव नाही, अप-डाऊनवाला होतो. हे मात्र खरं आहे आणि ते कुणी आधी सांगत नाही. सोमवार ते शनिवार मी भुसावळ उजेडात पाहिलंच नाही. गल्लीत कुणाकडे हळदीकुंकू असेल तर ते पाचला, मी सातला पोचायचे. शाळेची पालकसभा दुपारी तीनला, तिला नेहमी हेच जायचे. गल्लीत नवीन घर बांधलं जात होतं ते मला स्लॅब पडल्यावर दिसलं. आणि जळगावात? तिथे मी 'साडेपाचची गाडी आहे' म्हणणारी बाई. ऑफिसात कुणाच्या निवृत्तीचा कार्यक्रम सहाला ठेवला की माझ्यासाठी तो नसल्यासारखाच. वरिष्ठांना वाटायचं मी काम टाळते, घरच्यांना वाटायचं मी ऑफिसात रमते. दोन्ही गावांत माझं थोडं थोडं उणंच राहिलं.

ते भरून काढलं डब्यानं. आम्ही जागेवर बसणाऱ्या दहा-बारा बायका होतो. शिक्षिका, दोन नर्स, बँकेतली एक, कोर्टातली एक. कोण कुठे चढणार आणि कुणाची खिडकी, हे ठरलेलं. संध्याकाळी जळगाव स्टेशनबाहेर भाजी घ्यायची आणि भादली येईपर्यंत मेथी निवडून व्हायची. वाघूरच्या पुलावर गाडी आली की पिशव्या बांधायच्या. भिशी डब्यात, साड्यांचा व्यवहार डब्यात, मुलींची स्थळंही डब्यात. हिवाळ्यात एक रविवार ठरवून भादलीच्याच एका मैत्रिणीच्या शेतात भरीत. हिरवट-पांढरी मोठी वांगी काड्यांवर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायची, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, आणि सोबत पुऱ्या आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. नवरे आणि पोरं सोबत. पुरुषांचे डबे वेगळे, त्यांच्यात पत्ते आणि राजकारण. त्यात शिरायला तुम्हाला महिनाभर लागेल. जागेवरून भांडणही होईल. भांडण झाल्याशिवाय तुम्ही त्या डब्याचे होत नाही.

पण तुम्ही एसटीनं जाणार, तेव्हा हा डबा तुमच्या वाट्याला नाही. एसटीत ओळखी होतात, गट होत नाही, कारण बस रोज तीच नसते. हा तोटा मी गंभीरपणे मोजते. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या, आमचं ऑफिस काही दिवसांनी सुरू झालं, पास मात्र कितीतरी महिने बंदच होते. निवृत्तीपर्यंतचे शेवटचे महिने मी यांच्या स्कूटरच्या मागे बसून आणि एसटीनं काढले. वेळ जवळपास तेवढाच लागायचा. घरी आल्यावर थकवा दुप्पट वाटायचा. गाडीत मी कधी थकतच नव्हते असं तेव्हा लक्षात आलं.

फुकटच्या घराबद्दल दोन शब्द लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. मामा प्रेमानं देताहेत, घ्यावं. पण ते मामांचंही घर आहे. दिवाळीत, लग्नसराईत, मामांच्या मुलांना केळी पिकवणाऱ्या रावेर-सावद्याच्या नातेवाइकांकडे जायचं असेल तेव्हा मुक्काम तिथेच पडणार. मोटार जळली तर दुरुस्ती तुमची, आणि तक्रार करायला घरमालक नाही. नाममात्र का होईना, काहीतरी भाडं ठरवून घ्या. पैशासाठी नाही, 'हा नळ बदलून हवा' असं मोकळेपणानं म्हणता यावं म्हणून.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? घरात मोठं माणूस येणार नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं जळगावलाच राहिले असते. मेहरूणच्या बाजूला किंवा अजिंठा रोडला लागून, म्हणजे कारखानाही जवळ आणि मुलीची शाळाही. मामांचं घर कुठे पळून जात नाही. मुलगी तिसरी-चौथीत गेली, स्वतः कुलूप उघडून शेजारच्या काकूंकडे बसू लागली, की मग भुसावळचा विचार. दुसरा रस्ता असा, की पत्नीनं लॅबची नोकरी भुसावळलाच पाहावी. तिथेही दवाखाने आणि लॅब भरपूर आहेत, पगार थोडा कमी मिळेल कदाचित. एकानं अप-डाऊन केलं आणि एक गावात राहिला तर हे सगळं प्रकरण एकदम सोपं होतं. आमच्या डब्यात जे पंचवीस-तीस वर्षं टिकले ते जवळपास सगळे असेच होते. दोघांनी मिळून अप-डाऊन करणारी जोडपी मी मोजून चार पाहिली. तीन जळगावला गेली, चौथ्यांच्या घरी आजी होत्या.

घर बघायला रविवारी येऊ नका. रविवारी गाड्या मोकळ्या, रस्ता मोकळा, मामाही जेवायला थांबवून घेतील आणि सगळं छान वाटेल. मंगळवारी किंवा बुधवारी या. आदल्या रात्री मामांच्या घरी मुक्काम करा, सकाळी दोघंही खरोखर जायच्या वेळेला निघा, तुम्ही एसटीनं, पत्नी रेल्वेनं. संध्याकाळी सुटायच्या वेळेलाच परत या. मुलीला त्या दिवशी मामींकडे ठेवा, आणि दुपारी बाराच्या सुमाराला एक काम करून बघा: जळगावहून भुसावळला पोचायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते. रात्री जेवण झालं की शेजारच्या घरी जाऊन विचारा, मागचं पाणी कोणत्या वारी आलं होतं आणि किती वाजता.